बसक्या आवाजाचा उरकुडा

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा हळदबोडीचा पाटीलसुद्धा खरं बोलायचा, असं म्हणतात. हसू नका. जुन्या गोष्टीत एखादी थाप चालते, आणि या गोष्टीतली थाप इथंच संपली. पुढचं सगळं झालेलं आहे.

बोडी म्हणजे तळं. डोंगराकडून येणारं पाणी मातीची पाळ घालून अडवलेलं, आणि त्या पाण्यावर खालची सगळी धानाची शेतं. कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं हे ठरवणाऱ्या माणसाला पाणकर म्हणत. पाणकर म्हणजे सगळ्या गावाच्या शिव्या खायचा मान मिळालेला माणूस. ज्याला पाणी मिळालं नाही तो शिव्या द्यायचा, आणि ज्याला मिळालं तो शेजाऱ्याला आधी का दिलं म्हणून द्यायचा. त्या काळी हा मान उरकुडा ढिवराकडे होता. उंच, वाळका, डोईला कायम मुंडासं बांधलेला माणूस. पाळीवर बगळ्यासारखा एक पाय वर घेऊन उभा राहायचा. शिव्या ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि ज्याची पाळी असेल त्यालाच पाणी सोडायचा. बोलायचा नाही. बोडीत बुडालेली म्हैस वर काढता येईल, पण उरकुडाच्या पोटातला शब्द निघायचा नाही, असं बायका म्हणत.

त्याच्या वाट्याचं बोलणं त्याची बायको भागरता बोलायची. ती बोलायला लागली की पाण्याला आलेल्या बायका घागर भरायची विसरून जायच्या, आणि सासवा घरी वाट बघत बसायच्या. त्या सासवाही मग सुनांना शोधत यायच्या आणि तिथंच बसायच्या.

या दोघांना मूल जगत नव्हतं. शेवटी एक पोरगी झाली, तिचं नाव त्यांनी कचरी ठेवलं. मरण आलंच दाराशी, तर त्याला वाटावं की इथं नुसता कचरा पडलाय, नेण्यासारखं काही नाही. असं नाव ठेवलेली माणसं तेव्हा घरोघर होती. मरणाला चकवायचं म्हणजे असंच काहीतरी करावं लागतं, त्याला पाटलाची चिठ्ठी चालत नाही.

पोरगी चालायला लागली ती थेट बापाच्या मागं बोडीवर. फागुनात पळस फुलला की बोडीचं पाणी मागं सरायला लागतं. काठचा चिखल उघडा पडतो, त्यावर बारीक बारीक पावलं उमटतात. बाप पाण्याकडे बघायचा आणि पोरगी बेडकांकडे. बेडकांना तिनं नावं दिली होती, तीही गावातलीच. एक मोठा, हिरवट, पाठीवरून पिवळी रेघ गेलेला. तो एका जागी फुगून बसायचा, आणि समोरून जो बारका जाईल त्याला गिळायचा. तो पाटील. दुसरा, जरा कुठं खुट्ट झालं की पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळून जायचा. तो कोतवाल. घरात पाण्याच्या माठामागं भिंतीला चिकटून बसलेली, पांढुरकी, लांब बोटांची एक होती. ती नवी नवरी. पाटलाला हे कळलं तेव्हा तो मुद्दाम बोडीवर आला. बेडकाकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “पोट्टीची नजर तेज हाये.” सांगितलं ना, तेव्हा पाटील खरं बोलायचा.

ऊन वाढलं की चिखल घट्ट व्हायच्या आत बेडूक जमिनीत जातात. तोंडानं नाही जात. मागच्या पायांनी माती सारत सारत उलटे जातात, सासऱ्यासमोरून सून मागं मागं सरते तसे. शेवटी नुसते दोन डोळे वर उरतात. मग तेही मिटतात, आणि मग तिथं बेडूक होता असं कोणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटू नये. कचरी त्या दोन डोळ्यांसमोर उकिडवी बसायची, ते मिटेपर्यंत हलायची नाही. मिटले की म्हणायची, “नीज आता.” आणि मगच बापलेक पुढं सरकायचे. खाली कोणाचं तरी शेत वाट बघत असायचं, शेताचा मालक बोंबलत असायचा. बोंबलू दे.

एका वर्षी गावात माता, म्हणजे देवीची साथ आली. अंगावर फोड उठायचे, ताप डोक्यात जायचा, आणि लेकरू जायचं. कचरीही गेली. कचरा समजून टाकून गेलं नाही मरण. उचलून नेलं.

लहान लेकरांना जाळत नाहीत. पाळीच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. भागरता मातीवर पडून राहिली, तिला चार बायकांनी धरून घरी आणलं. उरकुडा रडला नाही. त्यानं हात धुतले, पाळीवर चढला, आणि त्या सांजेला ज्याची पाळी होती त्याच्या शेतात पाणी सोडून आला. लोक म्हणाले, माणूस आहे की दगड? भागरता काहीच म्हणाली नाही. त्या दिवसापासून ती बोलायचीच बंद झाली. ना नवऱ्याशी, ना शेजारणीशी. घरात दोन माणसं, दोघंही मुकी. माठामागची नवी नवरीसुद्धा घर सोडून गेली, असं म्हणतात.

मग पावसाळा आला, बोडी भरली, बेडूक ओरडायला लागले. आणि सांजेच्या वेळी, मोहाच्या झाडाजवळून, सगळ्या मोठ्या आवाजांच्या मधून एक बारीक, कापरा आवाज आला. नखाएवढं बेडूक असेल एखादं. भागरता दारातून उठली आणि पाळीवर जाऊन बसली. “कचरी बोलली,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांनी हा तिचा पहिला शब्द. मग ती त्या आवाजाशी बोलत राहिली, सगळा पावसाळा. घरी आल्यावर नवऱ्याशीही चार शब्द बोलायची. बेडूक गप्प झाले की तीही पुन्हा गप्प.

उरकुडाला हे कळलं, की या बाईचं बोलणं त्या नखाएवढ्या जिवाच्या गळ्यात आहे. तो जीव वाचला तर बायको वाचेल. म्हणून दर फागुनात तो एकटाच चिखलावर उकिडवा बसायला लागला, पोरगी बसायची तसा. कोण कुठं जमिनीत जातंय ते पाहायचा, आणि जिथं डोळे मिटले तिथं पळसाची एक काडी रोवायचा. मोहाच्या झाडाजवळ, चिखलाच्या एका भेगेत ते बारकं बेडूक शिरायचं. त्या काडीला तो हात लावून बघायचा, पक्की बसली ना म्हणून.

काड्या कशाला, तर होळी झाली की गाव बोडीत उतरायचं. सुकलेला गाळ फावड्यानं कापायचा, बैलबंड्यांत भरायचा आणि शेतात नेऊन टाकायचा. त्या गाळानं धान पोसतं. उरकुडानं आयुष्यात पहिल्यांदा गावापुढं हात जोडले. म्हणाला, “काडी दिसली का तेवढं सोडा.” गाव हसलं. पण गाव कबूल झालं. माणसं हसून मग ऐकतात, हा आपल्या गावचा एक चांगला गुण. दुसरा आठवला की सांगू.

काही वर्षं असंच चाललं. मग एका होळीला भागरताच्या भावानं निरोप पाठवला, बहीण-मेहुण्यानं सणाला यावं. उरकुडानं सगळ्या काड्या रोवून घेतल्या, आणि बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला.

आता झिबल. पाटलाचा भाचा. अंगानं धडधाकट, कामाला मागं आणि खोड्यांना पुढं. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. तुमच्यातही दोन-तीन बसली आहेत, आणि ती आत्ता दुसऱ्याकडे बघताहेत. होळीसाठी पोट्ट्यांनी लाकडं पळवायची रीत आहे. कोणाची खाट जाते, कोणाचं कुंपण, आणि तक्रार करता येत नाही. झिबलची टोळी बोडीत उतरली. एक जण काड्या उपटायला वाकला.

“जाळतं कायले, येड्या?” झिबल म्हणाला. “हलवू. उरकुडाकाका येऊन पाहील, त्याच्या बेडकांनी घरं बदलली!”

पोट्टे हसून हसून चिखलात लोळले. त्यांनी एकूण एक काडी उपटली आणि भलतीकडे रोवली. काम इतकं नेटकं, की तसं शेतात केलं असतं तर बाप खूश झाले असते. मग होळी पेटली, मोहाची उतरली पोटात, आणि झिबल ती गोष्ट विसरून गेला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गाव फावडी घेऊन बोडीत उतरलं, तेव्हा तो घरी डोकं धरून निजला होता. त्याच्या टोळीतलंही कोणी उठलेलं नव्हतं.

उरकुडा परत आला तेव्हा गाळ काढून झाला होता. सगळी बोडी खरवडलेली, आणि मधूनमधून चिखलाचे उंचवटे ठेवलेले. प्रत्येक उंचवट्यावर एक काडी. गाव अभिमानानं पाळीवर उभं होतं.

“पाह्य गा उरकुडा,” पाटील म्हणाला, “एका काडीले फावडं लागू देल्लं नाई आमी.”

उरकुडानं पाहिलं. तो खाली उतरला, जवळच्या उंचवट्यापाशी बसला, काडी काढली आणि हातानं माती उकरली. आत माती होती. दुसरा उकरला, तिथंही माती. मागून झिबल आला. त्याला आठवलं आणि तो खो खो हसायला लागला, “काका, कसा फसला!” मग त्यानं खरवडलेली बोडी पाहिली आणि मोहाच्या झाडाजवळ, ते बारकं बेडूक शिरायचं तिथं पाहिलं. तिथं फावड्याच्या खुणा होत्या. तो हसायचा थांबला.

उरकुडा रागावला नाही. रागावला असता तर झिबलला बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, “गाळ कोनाच्या शेतात गेला?”

गाळ सगळ्यांच्या शेतात गेला होता. चैताच्या उन्हानं त्याची ढेकळं विटांसारखी झाली होती. उरकुडा पाण्याचं मडकं घेऊन निघाला. फावडं मारलं तर आतला जीव फुटेल, म्हणून ढेकळावर पाणी शिंपडायचं, ते मऊ होईपर्यंत थांबायचं, आणि बोटांनी फोडायचं. झिबल मागं मागं गेला. पहिल्यांदा लांब उभा राहिला. मग पाणी आणून द्यायला लागला. मग तोही फोडायला बसला. बहुतेक ढेकळांत काहीच नव्हतं. काहींत सुकलेलं कातडं होतं. कुठं कुठं एखादा जिवंत मिळाला की ओल्या फडक्यात गुंडाळून उरकुडा त्याला बोडीच्या उरलेल्या पाण्यात सोडायचा. नखाएवढं बेडूक कोणत्या ढेकळात गेलं, ते कोण सांगणार? बोटांची नखं गेली तरी दोघांना ते मिळालं नाही.

भागरता दारात बसून असायची. ती बोलत नव्हती, पण सांजेला नवरा आला की त्याच्याकडे बघायची. तिला काय विचारायचंय ते त्याला कळायचं.

“काड्या जागच्या जागी हायेत,” तो म्हणायचा. आणि मातीनं भरलेले हात पाठीमागं लपवायचा.

पावसाचे दिवस आले. बोडी भरली. शेजारच्या गावांतल्या बोड्या इतक्या ओरडायला लागल्या की माणसाला माणसाचं ऐकू येईना. हळदबोडीची बोडी मात्र गप्प, पाण्यात सोडलेले चार बेडूकही ओरडेनात. भागरता पाळीवर जाऊन बसायची, मान तिरकी करून ऐकायची, आणि अंधार पडल्यावर उठून घरी यायची. दिवसेंदिवस तिचं तोंड बारीक व्हायला लागलं. ती जेवेना. शेजारीण सुगरता म्हणाली, “बाई ऐकता ऐकताच जाईल आता.”

मग एका सांजेला, मोहाच्या झाडाजवळच्या लव्हाळ्यातून आवाज आला. बारीक, कापरा.

भागरतानं सुगरताचा हात घट्ट धरला. “ऐकलंस का वो? माझी आली.” मग थोडा वेळ ऐकून म्हणाली, “आवाज बसला वाटते तिचा.”

सुगरतानं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. कारण तिला दिसत होतं. गळ्यापर्यंत पाण्यात बेडूक उभं होतं, आणि त्या बेडकाच्या डोईचं मुंडासं लव्हाळ्यावरून डोकावत होतं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. हे असं गाव, की शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय यावर आठवडाभर हसेल. पण या गोष्टीवर कोणी हसलं नाही. सांजेच्या वेळी लोक बोडीकडची वाट सोडून लांबून जायला लागले. झिबल तेवढा पाळीमागं बसून राहायचा. एकदा तो पाण्याजवळ आला. “काका, आज मी करतो. तुमी घरी जा.” उरकुडानं नुसती मान हलवली. हे काम दुसऱ्याला देण्यासारखं नव्हतं.

रोज सांज झाली की उरकुडा पाण्यात उतरायचा. त्याला खोकला लागला, अंग तापायला लागलं. बारीक आवाज बसका झाला, बसक्याचा घोगरा झाला. भागरता रोज यायची, बसायची, त्या आवाजाशी बोलायची, आज काय रांधलं, कोणाची गाय व्याली. घरी जाऊन घासभर खायची. उरकुडाला वाटायचं, चला, खाते तर आहे.

एका सांजेला खोकला त्याला आवाजच काढू देईना. तेव्हा पाळीवरून ती म्हणाली, “कचरीचे बाबा, निघा बाहेर. थंडी भरली अंगात.”

लव्हाळ्यातला खोकला एकदम थांबला.

“मले पहिल्याच सांजेला समजलं होतं,” ती म्हणाली. “इतकी वर्सं संसार केला, तुमचा आवाज नाई ओळखत का मी?”

लव्हाळ्याआडून आवाज आला. “मंग रोज काहून बसत होतीस?”

“पोरगी गेली तवा तुमी रडले नाई. हात धुतले अन् पानी सोडाले गेले. मी मनात म्हटलं, याच्याशी आता काय बोलू? आता रोज सांजेला अठी येऊन रडता तुमी. एकटा मानूस रडून राह्यला, तर उठून कशी जाऊ?”

उरकुडा म्हणाला, “काड्या होत्या. पन बेडकं नोती.”

“तेबी माहीत हाये. तुमची नखं पाह्यली मी.”

मग भागरता पाण्यात उतरली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. आणि उरकुडाच्या पोटातून इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. तो बेडकाचा आवाज नव्हता आणि माणसाचाही नव्हता. घोगरा, जाड, पाळीला तडा जाईल असा. गावातल्या चुली त्या आवाजानं विझल्या, गोठ्यातली जनावरं उभी राहिली, असं म्हणतात.

आणि खालच्या शेतांतून त्याला उत्तर आलं. नांगरात जी ढेकळं फुटली नव्हती, धानाच्या मुळांशी जी चिखलात गाडली गेली होती, ती आतून उकलायला लागली. बेडूक निघाले. वर्षानुवर्षांच्या गाळातले, आजोबा-पणजोबांच्या काळातले बेडूक निघाले, असं म्हणतात. रस्ताभर बेडूक. बैल पाय टाकेनात, बंड्या जागच्या जागी थांबल्या, लोक दारात उभे राहून बघत राहिले. ते पाळीवर चढले आणि पावसासारखे पाण्यात पडले. पाठीवर पिवळी रेघ असलेला मोठा पाटील आला, टणाटण उड्या मारत कोतवाल आला. सगळी बोडी ओरडायला लागली.

दोघं पाण्यात उभं राहून ऐकत होती. त्या सगळ्या गदारोळात त्यांना एकच आवाज हवा होता. सगळे आले. ती आली नाही.

“मी पाहून येतो,” उरकुडा म्हणाला. रोज कोणाच्या शेतात पाणी पोचलं का ते बघायला निघताना म्हणायचा, तसंच. आणि तो लव्हाळ्यातून पुढं, खोल पाण्याकडे चालत गेला. भागरता हाक मारेपर्यंत मुंडासंही दिसेनासं झालं.

सकाळी त्याच्या भाऊबंदांनी जाळी टाकली. बोडीचा तळ न् तळ ओढला. जाळ्यांत बेडूक आले, उरकुडा आला नाही. झिबल डोकं पाण्याखाली घालून घालून शोधत राहिला, शेवटी त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

त्या सांजेला बोडीच्या मधोमध एक आवाज उठला. तसा आवाज कोणत्याच बेडकाचा नसतो. घोगरा, बसका, मध्येच खोकल्यासारखा अडकणारा. आणि त्याच्या मागून, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, एक बारीक आवाज, असं म्हणतात. काही म्हणतात, बारीक आवाज नव्हताच, एकटा घोगराच होता. भागरता पाळीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होती. तिनं एक ऐकला की दोन, हे तिनं कोणाला कधी सांगितलं नाही. ती उठली, घरी गेली, आणि तिनं चूल पेटवली. त्यानंतर ती बाराही महिने बोलायची, पूर्वीइतकं नाही, पण बोलायची.

झिबल सुधारला का, असं विचारताय ना? छे. म्हातारा होईपर्यंत खोड्या काढत राहिला. पण पुढच्या वर्षी फागुनात गाळ काढायला गाव उतरलं, तेव्हा तो सगळ्यांच्या आधी जाऊन उरलेल्या पाण्यात उभा राहिला, आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, बेडकासारखा ओरडला. त्याच्या घरचं कोणी मेलं नव्हतं. तरी तो बराच वेळ ओरडला.

तेव्हापासून हळदबोडीत ही रीत आहे. फागुनात बोडीचा गाळ काढायच्या दिवशी प्रत्येक ढेकूळ आधी हातानं फोडतात, मग टोपलीत टाकतात. आणि ज्याच्या पोटात काही अडकून राहिलंय, त्या वर्षीचं असो की वीस वर्षांपूर्वीचं, तो फावडं ठेवतो आणि पाण्यात जातो. बाया जातात, बापे जातात. पाटीलही जातो. हवा तसा, हवा तेवढा ओरडतो. बाकीचे त्याच्याकडे पाठ करून खणत राहतात. याला तिथं उरकुडा करणं म्हणतात. माणूस बाहेर आला की जवळचा त्याच्या हातात टोपली देतो आणि विचारतो, “झाला का गा उरकुडा?”

तो म्हणतो, “झाला.” कधी म्हणतो, “नाई अजून,” आणि पुन्हा पाण्यात जातो. मग त्याची टोपली दुसरा भरतो.